डबीवरचं नाव

सृष्टी : तिसऱ्यांदा कट केलात तुम्ही तो फोन.

विश्वजीत : सिमकार्डवाल्या पोरी अस्त्यात गं. सकाळी सकाळी डोकं खात्यात.

सृष्टी : सिमकार्डवाल्या पोरी आटपाडीच्या सरकारी दवाखान्यातनं फोन करतात होय?

विश्वजीत : तुला काय ठावं, दवाखान्याचा हाय ते?

सृष्टी : नंबर पाठ आहे मला. राजाच्या लसीच्या कार्डावर तोच लिहिलाय. दहा महिने ते कार्ड मीच सांभाळतेय.

विश्वजीत : झालं. निघाली गाडी. मी गल्फला काय फिरायला गेलतो व्हय?

सृष्टी : तसं कुठं म्हणाले मी? फोन उचला एवढंच म्हणाले. चार दिवस झाले राहीकाकींकडं डबी देऊन. तुमच्या बेडक्याचा रिपोर्ट आला असेल.

विश्वजीत : आला तर आला. निगेटिव असणार. लिहून घे माझ्याकडनं.

सृष्टी : इतकी खात्री?

विश्वजीत : शंभर टक्के.

सृष्टी : मग उचलायला काय होतंय?

विश्वजीत : नऊ दिवसांवर विमान आलंय माझं. ह्या नऊ दिवसांत मला दवाखान्याचं नाव बी ऐकायचं न्हाई. डबी मागितलीस, दिली. विषय संपला.

सृष्टी : आणि खोकला? तो पण संपला?

विश्वजीत : तिकडं दिवसभर एसीच्या पत्र्याच्या नळीत डोकं घालून काम करतोय मी. धूळ जाती. निघंल हळूहळू.

सृष्टी : येऊन दीड महिना झाला. एवढ्यात रस्त्यावरचीसुद्धा धूळ बसली असती खाली. तुम्हाला वाटतं मी उगीच मागं लागते. उशीचा अभ्रा रोज सकाळी घामानं ओला असतो. पट्ट्याला तुम्ही खिळ्यानं नवीन भोक पाडलंत, ते बघितलंय मी. अर्धी भाकरी गुपचूप कुत्र्याला घालता, तेही बघितलंय.

विश्वजीत : पोलीस भरतीला उभं ऱ्हायला पायजे हुतं तू.

सृष्टी : हसण्यावारी नेऊ नका. फलटणच्या कॉलेजात ह्याच जंतूची आकृती काढून दहापैकी नऊ मार्क घेतलेत मी. सर म्हणाले होते, सुबक काढलीस. तेव्हा काय माहीत, तो असा घरात येऊन बसेल.

विश्वजीत : बसलाय म्हणून कुणी सांगितलं तुला? आई खोकली की मशेरीचा ठसका, आणि मी खोकलो की जंतू!

सृष्टी : आत्याबाईंचं वेगळं आहे. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासनं ऐकतेय मी तो ठसका. मशेरी घासतात, वर चुलीचा धूर. त्यांचा आवाज आला नाही तर मलाच वाटतं, कुठं गेल्या ह्या.

विश्वजीत : तेच की. तसाच माझा.

सृष्टी : तसाच नाही तुमचा. आणि घरात दहा महिन्यांचं पोर आहे.

विश्वजीत : हाय. ठाऊक हाय मला. तिसरा महिना हुता तुला तवा गेलो मी. त्याचं तोंड सगळं मोबाईलवर बघितलं. इथं आलो, मोजून वीस-बावीस दिवस मांडीवर घेतला, तवर तू हिसकावून घेतलास.

सृष्टी : हिसकावून नाही घेतला.

विश्वजीत : मग काय केलंस? तीन आठवडं झालं, आईच्या अंथरुणात झोपवतीस त्येला. मी दारातनं टाळ्या वाजवायच्या, त्येनं लांबनं हसायचं. मोबाईलवर तरी जवळ दिसायचा गं तो.

सृष्टी : मला काय हौस आहे? पाजून झालं की उचलून आत्याबाईंकडं देऊन येते. मग भिंतीपलीकडं त्याची चुळबुळ ऐकत पडते. तुम्ही झोपलेले असता. घोरत.

विश्वजीत : आता कुठं हाय?

सृष्टी : परड्यात, चिंचेखाली. आत्याबाई खीर भरवतायत. माझ्या हातचं खात नाही तो. त्या एकेका चमच्यावर फुंकर घालतात, 'उंदीर आला, मांजर आलं' करतात, तेव्हा कुठं तोंड उघडतो.

विश्वजीत : मला बी तसंच भरवायची. सातवीत जाईस्तोवर.

सृष्टी : अहो... खरं सांगा. भीती वाटतेय ना तुम्हाला?

विश्वजीत : कशाची?

सृष्टी : रिपोर्टची.

विश्वजीत : तुला तिकडचं काय माहीत, सृष्टी.

सृष्टी : सांगितलं कुठं तुम्ही?

विश्वजीत : व्हिडिओ कॉलवर काय सांगायचं? तू पोट दाखवायचीस, मी बिल्डिंगा दाखवायचो. चालायचं आपलं.

सृष्टी : आता समोर बसलाय. सांगा.

विश्वजीत : तुझ्या माहेरच्या तालुक्यातला एक हुता. मानसिंग. फलटणच्या पुढचा. माझ्या वरच्या बेडवर झोपायचा. गडी असा की दोन माणसांचा पत्रा एकटा उचलायचा. तिकडं राहायचं कार्ड नवं करायचं म्हणलं की छातीचा फोटो काढत्यात. दवाखाना बघशील तर फरशीत तोंड दिसतंय. खुर्च्या मऊ, पाणी थंड. नर्स सगळ्यांना 'सर' म्हणती. आपल्या उभ्या आयुष्यात कुणी 'सर' म्हणलं असंल तर तिथंच. मानसिंगला बी म्हणाली, सर, श्वास घ्या. सर, सोडा.

सृष्टी : मग?

विश्वजीत : फोटोत डाग निघाला. जुना. लहानपणी कवातरी होऊन बरा झालेला. त्येला स्वतःला बी ठाऊक न्हवतं. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरनं आलो तर वरची गादी गुंडाळलेली. गेला. विमानात बसवला बी. निरोप घ्यायला सोडलं न्हाई. मोबाईलचा चार्जर भिंतीला तसाच लोंबत हुता त्येचा.

सृष्टी : तो पिवळी पट्टी लावलेला? तुमच्या बॅगेतला?

विश्वजीत : त्योच. मी अजून वापरतोय.

सृष्टी : आणि मानसिंग?

विश्वजीत : हाय की. साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन. एकदा फोन केला तर म्हणाला, गड्या, माल तपासला, डाग निघाला, गिऱ्हाइकानं परत धाडला. हसत हुता सांगताना. तवापासनं आमच्या खोलीत बारा माणसं, पर खोकल्याचा आवाज न्हाई. सुपरवायझर जिन्यात दिसला की खोकला गिळायचा. पाणी प्यायचं आणि गिळायचा. लय प्रॅक्टिस झालीय.

सृष्टी : इथं कुठं सुपरवायझर आहे?

विश्वजीत : इथं कॉम्प्युटर हाय. सरकारी यादीत एकदा नाव चढलं की तिकडं दिसतंय.

सृष्टी : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

विश्वजीत : सगळीच म्हणत्यात.

सृष्टी : सगळी म्हणजे त्याच खोलीतली बाराजण, ज्यांनी कधी कुणाला विचारलं नाही?

राहीबाई : सूनबाई! हायस का गं घरात?

विश्वजीत : ही कशाला आली आता?

सृष्टी : हळू बोला. या काकी, या. दार उघडंच आहे.

राहीबाई : उघडंच असू दे, वारं खेळतंय ते बरं. तुझी सासू?

सृष्टी : परड्यात आहेत, राजाला भरवतायत.

राहीबाई : बरं झालं. विश्वजीत, फोन उचलायला हात झिजत्यात काय रं तुझं? दवाखान्यातल्या पोरानं तीनदा लावला. शेवटी मला म्हणाला, काकी, तुमच्या गावचा हाय, तुमीच जावा. गरोदर बाईला तालुक्याला घेऊन निघाले हुते मी, तिला एसटीच्या थांब्यावर बसवून आलेय. दोन घोट पाणी दे गं.

विश्वजीत : काकी, तुमी आशा वर्कर का झाला वो? पोस्टात लागायला पायजे हुतं. घरपोच.

राहीबाई : कर, कर थट्टा. तुझं नाव जन्मनोंदीत मीच सांगितलं न्हाई एवढंच, बाकी ह्या गावातल्या निम्म्या पोरांच्या दंडाला सुई टोचताना तंगड्या मीच धरल्यात. बस हितं. तू बी बस, सृष्टी.

सृष्टी : काकी, आला रिपोर्ट?

राहीबाई : आलाय.

सृष्टी : काय आहे?

राहीबाई : निघालंय त्यात. टीबी हाय.

विश्वजीत : न्हाई.

राहीबाई : बाबा, मी काय खोटं—

विश्वजीत : न्हाई न्हाई. चुकलंय. लॅबवाल्यानं घोळ केलाय. कसं निघंल त्यात? निघूच शकत न्हाई!

राहीबाई : मशीनमधनं निघालंय. माझ्या चष्म्यातनं न्हाई बघितलं. डॉक्टरीणबाईंनी बी बघितला कागद. आता घाबरायचं काय कारण न्हाई. पूर्वीचं दिवस गेलं. सहा महिनं गोळ्या. फुकट. घरात आणून देणार मी. तुझ्यासमोर उभी ऱ्हाऊन खायला लावणार. सहा महिन्यांत बैलासारखा हुशील.

विश्वजीत : काकी, डबी बदलली असंल वो कुणाची तरी.

राहीबाई : डबीवर नावाची चिठ्ठी मी चिकटवली. विश्वजीत हंबीरराव, वय एकतीस. माझ्या हातची चिठ्ठी सुटत न्हाई. आणि त्या दिवशी गावातनं डबी एकच गेली, तुझी.

सृष्टी : मला माहीत होतं. मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. काकी, राजाचं काय? राजाला काय...

राहीबाई : तेच विचारायला आलेय मी आधी. पोराला ताप? घाम? वजन?

सृष्टी : ताप नाही. मागच्या महिन्यात साडेआठ किलो भरला. पण ह्या महिन्यात चिडचिड करतो थोडी.

राहीबाई : दात येत असतील. जन्मल्यावर बीसीजी दिलीय न्हवं? दंडावर व्रण हाय?

सृष्टी : डाव्या. आहे. रोज बघते मी तो.

राहीबाई : ब्येस. पर तेवढ्यावर भागत न्हाई. उद्या त्येला घेऊन आटपाडीला चल. तपासतील. काय नसलं तरी होऊ नये म्हणून औषध देत्यात बारक्या पोरांना. आता सांग, झोपतंय कुठं ते?

सृष्टी : ह्यांचा खोकला थांबेना तसं मी ह्यांच्यापासनं उचललंच त्याला. तीन आठवडे झाले, आत्याबाईंकडं झोपतो. खाणं त्यांच्याकडं, खेळणं त्यांच्याकडं. तेव्हापासनं ह्यांच्या अंगावर दिलाच नाही.

राहीबाई : लय शहाणी पोर हायस गं तू! बारा घरं फिरले तर एका घरात अशी सून न्हाई बघायला मिळत. काय विश्वजीत, बायकोच्या पाया पड. हिनं पोर वाचवलं तुझं.

विश्वजीत : काकी...

राहीबाई : आता हेच पुढं चालू ठेवायचं. अजून महिनाभर तरी पोरगं आजीजवळच ऱ्हाऊ दे. आजीच्याच खोलीत, आजीच्याच कुशीत. डॉक्टरीणबाई सांगतील तवर बापाकडं न्यायचं न्हाई.

सृष्टी : पाळणाच हलवते मी आत्याबाईंच्या खोलीत. त्यांची खोली बारकी आहे, खिडकी पण नाही, पण बसेल कोपऱ्यात. काकी, तुम्ही एक बाजू धराल?

विश्वजीत : थांब.

सृष्टी : तुम्ही नका हात लावू पाळण्याला. आम्ही दोघी नेतो.

विश्वजीत : सृष्टी, थांब म्हणतोय न्हवं! पोराला आईजवळनं उचल.

सृष्टी : काय?

विश्वजीत : आत्ता. जा. आधी उचल त्येला.

सृष्टी : अहो, कळतंय का काय बोलताय? त्यांच्याजवळच तर तो सुरक्षित—

विश्वजीत : न्हाई गं! त्या डबीत माझं काय न्हवतंच. आईचं हाय ते.

राहीबाई : आईचं म्हंजे?

विश्वजीत : आईचा बेडका हाय त्यात. मी तिचा भरून दिला. चिठ्ठी माझी, माणूस ती.

सृष्टी : एकेका चमच्यावर फुंकर...

विश्वजीत : जा!

(सृष्टी परड्याकडं पळते. घरात दोघंच उरतात.)

राहीबाई : काय केलंस रं हे? तोंड उघड. एवढा वेळ चुरूचुरू बोलत हुतास.

विश्वजीत : तिकडं करत्यात काकी. नवीन पोरगा आला की जुनी माणसं शिकवत्यात. लघवी दुसऱ्याची नेऊन द्यायची, निरोगी बघून. एकदा मी बी दिलीय एकाला. मला वाटलं, आपल्या आईएवढं निरोगी कोण हाय? सत्तरीला आली, अजून जनावरांचं शेण काढती. पहाटे उठती. कधी दवाखान्याची पायरी चढली न्हाई.

राहीबाई : चढली न्हाई म्हणून निरोगी?

विश्वजीत : मला तसंच वाटलं.

राहीबाई : तिला काय सांगितलंस?

विश्वजीत : म्हणलं, आई, गल्फच्या कागदाला लागतंय. ह्यात जरा खाकर. 'माझं कशाला रं?' एवढं बी न्हाई विचारलं तिनं. उठली, चूळ भरली. पदर खोचला. उन्हात जाऊन बसली आणि खाकरून खाकरून डबी भरली. डोळ्यातनं पाणी आलं तरी थांबंना. वर मला दाखवती, म्हणती, एवढ्यावर भागंल का रं बाळा? का अजून देऊ?

राहीबाई : अगं बाई गं.

विश्वजीत : ओरडा की मला. शिव्या द्या.

राहीबाई : शिव्या कुणाकुणाला देऊ? मी सर्व्हेला आले हुते ह्याच सोप्यात. कागदावरचं वाचून विचारलं, घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला? सृष्टीनं तुझं नाव सांगितलं. तवा तुझी आई हितं, ह्या खांबाला टेकून शेंगा फोडत बसली हुती. खोकत हुती. माझ्यासमोर. मी तिला पाणी दिलं आणि तुझं नाव लिवलं.

विश्वजीत : तुमाला बी वाटलं न्हाई?

राहीबाई : म्हातारी बाई हाय, खोकणारच. असं धरूनच चाललो आपण सगळी. तिला स्वतःला बी तसंच वाटत असणार. पंधरा वर्षं झाली मला ह्या कामात. घराघरांत जाऊन सांगते, खोकला अंगावर काढू नका. आणि तुझ्या आईला, अंबूबाईला, एकदा विचारलं न्हाई, किती दिवस झालं गं तुला?

विश्वजीत : आता नाव कुणाचं चढणार यादीत?

राहीबाई : तुला अजून त्याचंच पडलंय?

विश्वजीत : न्हाई काकी. तसं न्हाई. भीती गेली न्हाई एवढंच. खोटं कशाला बोलू? मघाशी तुमी 'निघालंय' म्हणालात, तवा पयलं काय आलं डोक्यात सांगू? आई न्हाई आली. पोरगं न्हाई आलं. वरच्या बेडवरची गुंडाळलेली गादी आली. मग तुमी म्हणालात, आजीच्या कुशीत. तवा... तवा आईचं तोंड दिसलं.

राहीबाई : बोललास न्हवं शेवटी? न बोलता बी बसला असतास. नऊ दिवसांनी उडाला असतास. आमी चुकीच्या माणसाची वाट बघत गोळ्या धरून बसलो असतो, आणि पोरगं तिकडं...

विश्वजीत : नका. नका ते बोलू.

राहीबाई : हे बघ. तिकडच्या दवाखान्यातलं मला काय ठावं न्हाई. आमच्या दवाखान्यात फरशीत तोंड दिसत न्हाई. तीन पंख्यातला एक फिरतोय, तो बी लाईट असली तर. डॉक्टरीणबाई दोन ठिकाणं बघत्यात, दुपारचा डबा संध्याकाळी खात्यात. 'सर' बिर कोण म्हणणार न्हाई तुला. रांगेत उभं ऱ्हा, चिठ्ठी दाखव, बाकावर सरकून बस. पर एक हाय बाबा. परत धाडायला आमच्याकडं दुसरी जागाच न्हाई. डागाचा अस, बिनडागाचा अस. तू हितलाच.

विश्वजीत : तुमी लिहून आणलंय का हे, मीटिंगला बोलायला?

राहीबाई : मीटिंगला मला बोलू कोण देतंय? सतरंज्या घालायला बोलावत्यात आम्हाला.

सृष्टी : काकी, राजाचे हातपाय धुतले मी. तोंड पुसलं. अजून काय करू? कपडे उकळू? काय करू सांगा ना.

राहीबाई : आधी श्वास घे. पोराला रडवू नगंस. हवेतनं जातंय ते, कपड्यातनं न्हाई. उकळायचं काय कारण न्हाई. उघड्यावर बसव त्येला, दारात, वाऱ्यावर. खिडकी नसलेल्या खोलीत झोपवायचं न्हाई कुणीच. उद्या चौघं बी चला तपासायला.

सृष्टी : मी त्यांच्या पोलक्याच्या शिवणी आत घेतल्या, काकी.

राहीबाई : कुणाच्या?

सृष्टी : आत्याबाईंच्या. दिवाळीच्या आधी एकदा आणि आता परवा एकदा. सैल होतंय गं म्हणाल्या, म्हणून मशीनवर बसले आणि दोन्ही बाजूंनी आत घेतल्या. ह्यांच्या पट्ट्याचं भोक दिसलं मला. पोलकं माझ्या हातात होतं, तरी दिसलं नाही.

राहीबाई : गप. आता मोजत बसू नगंस.

सृष्टी : आणि रोज रात्री मीच उचलून नेऊन देत होते त्याला. तिथं. माझ्या हातानं. ह्यांच्यापासनं वाचवायला!

विश्वजीत : सृष्टी...

सृष्टी : तुमच्याशी भांडायचंय मला. खूप भांडायचंय. पण आज नाही. आज माझ्या अंगात तेवढं बळ नाही. पण ते बाकी आहे, विसरले असं समजू नका.

विश्वजीत : न्हाई समजत.

सृष्टी : एक सांगा फक्त. तुमचा स्वतःचा बेडका का नाही दिला? निगेटिव आला असता तर सुटला असता. तुम्हालाच वाटत होतं ना, आहे म्हणून?

विश्वजीत : तुझ्या आधीपासनं वाटत हुतं. तिकडनंच. शेवटच्या महिन्यात.

सृष्टी : आणि येऊन राजाला मांडीवर घेतलंत? वीस-बावीस दिवस?

विश्वजीत : सव्वा वर्ष लांब हुतो गं. म्हणलं, तोंड बाजूला करून घेतो. प्रत्येक वेळी तोंड फिरवायचो मी. तू बघितलं असशील. सगळंच बघतीस तू.

सृष्टी : बघितलं होतं. मला वाटलं, रडायला येतंय म्हणून फिरवता.

विश्वजीत : ते बी हुतं.

राहीबाई : सृष्टी, म्हातारी काय म्हणाली? एकदम पोर उचललंस तर घाबरली असंल.

सृष्टी : मी ओढूनच घेतला त्याला, काकी. त्यांच्या हातात चमचा तसाच राहिला. वर धरलेला. खीर पदरावर सांडली. म्हणाल्या, गरम हुती का गं? माझं काय चुकलं का?

विश्वजीत : तू काय सांगितलंस?

सृष्टी : काही सांगता आलं नाही. नुसती मान हलवली. मग त्यांनी विचारलं, राही कशाला आलीय सकाळी सकाळी? विसूचा कागद झाला का?

विश्वजीत : असं विचारलं?

सृष्टी : म्हणाल्या, माझ्या खाकरण्यानं भागलं का बघ, न्हाईतर अजून देते म्हणावं.

राहीबाई : मी सांगू का तिला? मला सवय हाय असलं सांगायची.

विश्वजीत : नको. पिशवीत डब्या हायत काय, काकी?

राहीबाई : असत्यात की कायम. चार हायत.

विश्वजीत : दोन द्या. आईची परत घ्यायला लागंल न्हवं, तिच्या नावानं?

राहीबाई : व्हय. घ्यायलाच पायजे.

विश्वजीत : आणि ही दुसरी माझी. आज नको, उद्या सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून. तुमी समोर उभ्या ऱ्हावा. न्हाईतर ही ऱ्हाईल उभी. हिच्यासारखा पहारा कुणाचा न्हाई.

राहीबाई : आणि विमान?

विश्वजीत : जाईल की ते. त्येला काय, माणसं मोजून जातंय. मी नसलो तर दुसरा बसंल.

सृष्टी : त्याचं नंतर बघू. निघालं नाही काही तर जालच.

विश्वजीत : निघालं तर?

सृष्टी : तर सहा महिने कुत्र्याला भाकरी मिळणार नाही. मी समोर बसून खायला लावेन.

राहीबाई : ऐकलंस? माझं काम हलकं झालं. ही घे डबी. ही दुसरी. चिठ्ठ्या ह्या. थांब, लिवून देते.

विश्वजीत : द्या हिकडं. नाव मी लिवतो. पेन कुठंय गं?

सृष्टी : राजाच्या कार्डात अडकवलेला आहे. तिथं, देवळीत.

विश्वजीत : अंबूबाई हंबीरराव. वय काय लिवू, काकी?

राहीबाई : विचार की तिलाच.

विश्वजीत : व्हय. तिलाच विचारतो. आई! न्हाई न्हाई, तू उठू नगंस. घरात नको, तिथंच चिंचेखाली बस. सगळं सांगतो, आधी सरक जरा. मला बसू दे तुझ्याजवळ.